ऑनलाईन माध्यमांच्या युगातील पत्रकारिता आणि नीतिमूल्ये : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

वृत्तपत्राला लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हटले जाते. हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की, स्तंभ कशावर उभा असतो हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पत्रकारितेचा स्तंभ वाचकाच्या विश्वासावर उभा असतो आणि हा विश्वास सत्यता, निःपक्षपातीपणा, उत्तरदायित्व आणि माणसाच्या प्रतिष्ठेची जाण या चार मूल्यांतून निर्माण होतो. ही मूल्ये ऑनलाईन माध्यमांनी जन्माला घातलेली नाहीत, तशीच ती ऑनलाईन माध्यमांमुळे कालबाह्यही झालेली नाहीत. मात्र ही मूल्ये ज्या व्यवस्थेत पाळली जात होती ती व्यवस्था बदलली आहे. बातमी तपासण्यासाठी मिळणारा वेळ, ती छापण्याचा निर्णय घेणारी व्यक्ती आणि चूक झाल्यास जाब विचारण्याची जागा या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत.

या बदलाचा परिणाम मोघमपणे सांगण्याऐवजी प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी २०२० मधील तबलिगी जमातविषयीचे वार्तांकन हे प्रमुख उदाहरण म्हणून घेतले आहे. त्याच्या जोडीला २०१२ ची आझाद मैदानाची घटना, २०१८ ची राईनपाडा येथील घटना आणि मालेगाव खटल्यांचे वार्तांकन यांचाही विचार केला आहे. ही उदाहरणे एकाच बाजूची नाहीत, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. ज्या समाजाविषयी खोटी बातमी पसरते तोच समाज दुसऱ्या प्रसंगी खोट्या चित्रावर विश्वास ठेवतो, असे या उदाहरणांतून आढळून येते.

पूर्वपरंपरा : मराठी आणि उर्दू

बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्याच्या दहा वर्षे आधी, १८२२ मध्ये, कलकत्त्यात 'जाम-ए-जहाँनुमा' हे उर्दू पत्र सुरू झाले होते. एकाच्या नावात आरसा आहे, तर दुसऱ्याच्या नावात जग दाखविणारा प्याला. दोन्ही नावांमागे कल्पना एकच आहे, ती म्हणजे जसे आहे तसे दाखविणे. 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना १८५७ मध्ये इंग्रजांनी मृत्युदंड दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा बहिष्कृतांचे म्हणणे प्रस्थापित पत्रांत येत नाही ही त्यामागील उघड अडचण होती. ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याचा आवाज बातमीत असावा, हे मूल्य 'मूकनायक'ने मराठी पत्रकारितेसमोर ठेवले.

येथे मौलाना हसरत मोहानी यांचा एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. त्यांच्या 'उर्दू-ए-मुअल्ला' या मासिकात १९०८ मध्ये इजिप्तमधील इंग्रजांच्या शैक्षणिक धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख प्रसिद्ध झाला. सरकारने लेखकाचे नाव विचारले. मौलानांनी ते सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगवास पत्करला. लेख निनावी होता, पण संपादक निनावी नव्हता. आजच्या अनेक संकेतस्थळांवर नेमके याच्या उलट चित्र दिसते. मजकुरावर कुणाचे तरी नाव असते, परंतु त्या मजकुराची जबाबदारी घेणारा संपादक कोठेच सापडत नाही.

जुना काळ सगळाच उजळ होता असे मानण्याचे मात्र कारण नाही. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावर व्याख्यान देताना डॉ. आंबेडकरांनी भारतातील पत्रकारिता व्यवसाय न राहता व्यापार झाल्याची टीका केली होती आणि तिची तुलना साबणाच्या कारखानदारीशी केली होती. तेव्हा ना दूरचित्रवाणी होती, ना इंटरनेट. म्हणूनच नीतिमूल्यांच्या घसरणीचे सारे खापर तंत्रज्ञानावर फोडणे हे अर्धवट निदान ठरते. तंत्रज्ञानाने जुन्याच दोषांना वेग दिला आणि त्यांच्यावरचे अडसर काढून टाकले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ऑनलाईन माध्यमाने नेमके काय बदलले?

पहिला बदल वेळेचा आहे. छापील दैनिकात बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंपादक आणि मुद्रितशोधक अशी साखळी असे. रात्री अंक छपाईला जाईपर्यंत दूरध्वनी करून खातरजमा करण्यास काही तास मिळत. संकेतस्थळावर ही साखळी बहुधा एका माणसावर येते आणि 'सर्वात आधी' हीच कसोटी होते. आधी टाकू, चूक निघाली तर बदलू, अशी सवय यातून लागते.

दुसरा बदल अर्थकारणाचा. छापील अंक वाचक पूर्ण विकत घेतो. संकेतस्थळावर प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे उघडली जाते आणि जाहिरातीचे उत्पन्न त्या उघडण्यावर अवलंबून असते. साहजिकच मथळा हा बातमीचा सारांश न राहता आमिष बनतो. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि लहान गावांतील वाचकही या बाजारात आला. ज्ञानाच्या प्रसाराच्या दृष्टीने ही स्वागतार्ह बाब असली, तरी या नव्या वाचकाला बातमी, जाहिरात, मत आणि अफवा यांतील फरक कुणी शिकविलेला नव्हता.

तिसरा बदल हा प्रसारकाचा. बातमी कुणापर्यंत जाणार हे पूर्वी संपादक ठरवीत असे. आता ते समाजमाध्यमांवरील गणिती यंत्रणा आणि व्हॉट्सॲपवरील परिचित माणसे ठरवितात. काका, मामा, शाळेतले सर किंवा मोहल्ल्यातील मौलवीसाहेब यांच्याकडून आलेल्या मजकुराला त्यांच्याविषयीच्या आदराची मोहोर लागते. मूळ स्रोत अज्ञात असतो, पण पाठविणारा ओळखीचा असतो. या ओळखीलाच वाचक पुरावा मानतो.

चौथा बदल स्मृतीचा आहे. कालचा अंक रद्दीत जात असे. ऑनलाईन बातमी मात्र वर्षानुवर्षे शोधयंत्रात राहते. अटकेची बातमी दहा वर्षांनीही एका क्षणात सापडते, निर्दोषत्वाची बातमी तिला जोडलेली नसते.

२०२० चे वार्तांकन : एक अभ्यास

मार्च २०२० मध्ये दिल्लीतील निजामुद्दीन मरकज येथे तबलिगी जमातचा मेळावा झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महिनाअखेर मरकजमधील लोकांना बाहेर काढण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना कोविडची लागण झाली होती ही वस्तुस्थिती होय. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्ण, म्हणजे सुमारे २९.८ टक्के, या मेळाव्याशी संबंधित असल्याचे सांगितले. साथीच्या काळात एवढा मोठा समुदाय एकत्र राहिल्याबद्दल आयोजकांना प्रश्न विचारणे हे पत्रकारितेचे कामच होते. त्या प्रश्नाला पक्षपात म्हणणे योग्य होणार नाही.

परंतु पत्रकारितेचे काम तेथे संपत नाही. संबंधितांना शोधून काढून त्यांच्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या, इतरांच्या चाचण्या त्या काळात फारच मर्यादित होत्या. ज्यांची तपासणी अधिक, त्यांच्यातील रुग्णांची संख्याही अधिक दिसणार. हे स्पष्टीकरण आकड्याबरोबर देणे आवश्यक होते, ते अनेक ठिकाणी दिले गेले नाही. एका घटनेतील संसर्गाची बातमी बघता बघता एका समाजाच्या हेतूची बातमी झाली. रोगाच्या नावापुढे 'जिहाद' हा शब्द जोडून तयार केलेली खूण ट्विटरवर पसरली आणि तेथून ती चर्चेच्या कार्यक्रमांत पोहोचली. ६ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे अधिकारी माईक रायन यांना, रुग्णांची वर्गवारी धर्म वा वंशावरून करू नये, असे सांगावे लागले.

याच काळातील काही बातम्यांची छाननी उद्बोधक आहे. सहारनपूर येथे विलगीकरणातील जमातच्या लोकांनी मांसाहाराची मागणी करून गोंधळ घातल्याची बातमी आली. स्थानिक पोलिसांनी चौकशी करून ती असत्य असल्याचे ५ एप्रिलला जाहीर केले. अरुणाचल प्रदेशात जमातचे अकरा रुग्ण सापडल्याचे एका वृत्तवाहिनीने सांगितले. राज्याच्या माहिती विभागाने तेथे एकच रुग्ण असल्याचा खुलासा केल्यावर वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली. मध्य प्रदेशातील रायसेन येथील एका वृद्ध फळविक्रेत्याचे बोटाला थुंकी लावून फळे लावतानाचे चित्रण मुद्दाम रोग पसरविण्याचा पुरावा म्हणून फिरले. ते चित्रण फेब्रुवारी महिन्यातील, म्हणजे मेळाव्याच्या आधीचे होते. पोलिसांवर थुंकणाऱ्या एका कच्च्या कैद्याचे मुंबई परिसरातील जुने चित्रणही जमातच्या माथी मारले गेले.

या चारही उदाहरणांत चूक पकडण्यासाठी मोठ्या शोधपत्रकारितेची गरज नव्हती. स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा माहिती कार्यालयात एक दूरध्वनी किंवा चित्रणाच्या तारखेची तपासणी एवढे पुरेसे होते. येथे साधनांचा अभाव नव्हता. तपासण्याची गरजच वाटली नाही, कारण बातमी आधीच मनात असलेल्या प्रतिमेशी जुळणारी होती. पूर्वग्रहाला अनुकूल असणारी माहिती तपासावीशी वाटत नाही, हा नीतिमूल्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर दोष होय.

पुढे न्यायालयांत काय झाले? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले २९ परदेशी नागरिकांवरील आणि त्यांना आश्रय देणाऱ्या भारतीयांवरील गुन्हे रद्द केले. मुद्रित व विद्युत माध्यमांत या परदेशी व्यक्तींविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असण्याची शक्यता आहे, असे निरीक्षण निकालात नोंदविले गेले. खंडपीठातील दुसऱ्या न्यायमूर्तींनी अंतिम आदेशाशी सहमती दर्शविली, मात्र काही निरीक्षणांपासून आपले मत वेगळे ठेवले. निकालाचा हवाला देताना हाही तपशील सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १५ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीतील न्यायालयाने ३६ परदेशी नागरिकांना निर्दोष ठरविले. १७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांविरुद्धची १६ प्रकरणे रद्द केली. जून २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाने या वार्तांकनाबद्दल दोन कन्नड वाहिन्यांना दंड ठोठावला.

बातमी एप्रिल २०२० मध्ये घरोघरी पोहोचली आणि तिचे शेवटचे उत्तर जुलै २०२५ मध्ये आले. या पाच वर्षांत किती वाचकांची पहिली समजूत बदलली, हा प्रश्न प्रत्येक संपादकाने स्वतःला विचारावा असा आहे.

शब्दांची नीती

पत्रकारितेच्या नीतीची चर्चा बहुधा घटनांभोवती फिरते, शब्दांकडे दुर्लक्ष होते. भाषेच्या अध्यापकाला मात्र हे दुर्लक्ष परवडणारे नाही. टाळेबंदीत वाहतूक बंद झाल्यामुळे अनेक धर्मस्थळी माणसे होती तेथेच राहिली. त्यांतील काहींच्या बाबतीत 'अडकले' हे क्रियापद वापरले गेले, तर मशिदीत राहिलेल्यांच्या बाबतीत 'लपले'. परिस्थिती एकच, पण 'अडकले' म्हणताच सहानुभूती निर्माण होते आणि 'लपले' म्हणताच संशय. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, नीतीच्या दृष्टीने मात्र नाहीत.

संशयित, आरोपी आणि दोषी या तीन शब्दांत कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे. मथळ्यात हे अंतर एका रात्रीत ओलांडले जाते. 'मास्टरमाईंड', 'कनेक्शन' यांसारखे शब्द पुराव्याची जागा घेतात. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की आरोपही होतो आणि जबाबदारीही टळते. 'व्हायरल झालेल्या व्हिडिओनुसार' ही शब्दयोजना तर स्रोताचा आभास निर्माण करणारी आहे. एखादी गोष्ट पुष्कळ लोकांनी पाहिली यावरून ती खरी ठरत नाही.

हा दोष मराठी वा हिंदी माध्यमांपुरता मर्यादित नाही. उर्दू पत्रांत आणि उर्दू संकेतस्थळांवर 'साज़िश', 'ज़ुल्म', 'शहीद' हे शब्द तपास पूर्ण होण्यापूर्वीच मथळ्यात येतात. वाचकाच्या दुखऱ्या भावनेला हात घालणारा हा मार्गही सत्यापासून तितकाच दूर नेतो. आपल्या समाजाची बाजू मांडणे आणि आपल्या समाजाला आवडेल तेच सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांतील पहिली गोष्ट पत्रकारिता होय.

आरशाची दुसरी बाजू

२०१२ च्या जून-जुलैमध्ये आसाम आणि म्यानमारमधील हिंसाचारात मुस्लिमांचे बळी गेले. ती हिंसा खरी होती, परंतु तिच्या नावाने फिरलेली अनेक छायाचित्रे खोटी होती. २०१० मध्ये चीनच्या चिंघाई प्रांतात झालेल्या भूकंपानंतर मृतदेहांवर अंत्यसंस्कार करणाऱ्या तिबेटी भिक्षूंचे छायाचित्र, म्यानमारमधील भिक्षूंनी मुस्लिमांची केलेली कत्तल म्हणून पसरविण्यात आले. माध्यमे आपल्या दुःखाची दखल घेत नाहीत, अशी भावना निर्माण झालेली होतीच. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेध सभेला हिंसक वळण लागले. दोघांचा मृत्यू झाला, पोलीस जखमी झाले, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या जाळण्यात आल्या आणि अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्यानंतरच्या काही दिवसांत बदल्याच्या अफवांमुळे बंगळूर, पुणे, हैदराबाद येथील ईशान्य भारतीय विद्यार्थी आणि कामगार हजारोंच्या संख्येने गावी निघाले. खऱ्या दुःखासाठी खोटा पुरावा वापरला की त्या दुःखाची विश्वासार्हताही जाते, हा या घटनेचा धडा होय.

इंदूरचे उदाहरण याहून जवळचे आहे. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल भागात तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकात महिला डॉक्टर होत्या. निरोगी माणसांनाही पकडून नेले जाते, अशा अफवा त्या वस्तीत आधीपासून मोबाईलवर फिरत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टर पुन्हा कामावर गेल्या. एका बाजूच्या मोबाईलवर 'हे लोक मुद्दाम रोग पसरवितात' असे सांगणारा मजकूर होता, दुसऱ्या बाजूच्या मोबाईलवर 'हे लोक आपल्याला नेऊन मारतील' असे सांगणारा. दोन्ही खोटे होते आणि दोन्ही एकमेकांना बळ देत होते. या दोहोंच्या मध्ये उभे राहून खरे काय ते दोन्ही वस्त्यांना समजेल अशा भाषेत सांगणारी स्थानिक पत्रकारिता असती, तर काही अनर्थ टळला असता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अफवांतील एक चित्रण तर कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनविलेल्या लघुपटातून कापून घेतलेले होते. मूळ लघुपटात शेवटी मूल परत आणून सोडले जाते, तो भाग वगळण्यात आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याचे बळी भटक्या समाजातील होते. खोट्या बातमीचा बळी कोणत्याही धर्माचा वा जातीचा असू शकतो, परंतु तो बहुधा दुबळा असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

आरोपी, निर्दोष आणि शोधयंत्र

मालेगाव येथे ८ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांप्रकरणी अटक झालेल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोटांतील बाराही आरोपींच्या शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी रद्द केल्या. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात न पाठविता, हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली.

हे तिन्ही निकाल एकत्र ठेवण्याचे कारण असे की, नीतिमूल्याची खरी परीक्षा समान वापरात असते. पहिल्या प्रकरणात 'आरोपी म्हणजे दोषी नव्हे' असे सांगणारे काही जण दुसऱ्या प्रकरणात ते विसरले, आणि दुसऱ्या प्रकरणात हे तत्त्व सांगणारे पहिल्या प्रकरणात विसरले होते. आरोपीचे नाव पाहून तत्त्व बदलत असेल, तर त्याला तत्त्व म्हणता येणार नाही. स्फोटात मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांचे दुःखही येथे नजरेआड करता कामा नये. चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरविणारे वार्तांकन त्यांनाही न्यायापासून दूरच नेत असते.

ऑनलाईन माध्यमांत यावर एक साधा उपाय शक्य आहे. अटकेच्या जुन्या बातमीच्या माथ्यावरच निकालाची नोंद आणि तारीख देता येते. छापील अंकात हे शक्य नव्हते, संकेतस्थळावर ते काही मिनिटांचे काम आहे. तंत्रज्ञानाने निर्माण केलेल्या दोषावरचा हा उपाय त्याच तंत्रज्ञानात आहे, तो वापरण्याची इच्छा मात्र क्वचितच दिसते.

नियमनाचा पेच

१९७८ च्या कायद्यान्वये कार्यरत असलेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेने पत्रकारितेच्या आचरणाचे निकष प्रसिद्ध केले आहेत. अचूकता, चुकीची ठळक दुरुस्ती, संबंधिताला उत्तराची संधी, जातीय तणावाच्या प्रसंगी संयम हे सारे त्यात आहे. परंतु परिषदेचे अधिकार समज देणे व निषेध नोंदविणे यापुढे जात नाहीत आणि केवळ ऑनलाईन चालणारी माध्यमे तिच्या कक्षेत येत नाहीत. २ सप्टेंबर २०२१ रोजी याच तबलिगी वार्तांकनाविषयीच्या याचिकेच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने संकेतस्थळे व यूट्यूब वाहिन्यांवर कोणाचेच नियंत्रण नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली.

मग नियंत्रण सरकारकडे द्यावे काय? महाराष्ट्राचा अनुभव याबाबत सावध करणारा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना एका साध्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. सरकारविषयीची माहिती खोटी की खरी हे सरकारच्याच कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची दुरुस्तीही त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सत्याचा निर्णय सत्तेच्या हाती दिल्यास पहिला बळी दुबळ्याच्या आवाजाचा जातो. ज्या समाजाला माध्यमांविरुद्ध तक्रार आहे, त्यानेच सरकारी नियंत्रणाची मागणी करणे म्हणूनच धोक्याचे ठरेल.

महाविद्यालयीन अध्यापनाची भूमिका

अनेक विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमात प्रसारमाध्यमांसाठी लेखन हा घटक असतो. तेथे बातमीचे सहा ककार, मथळ्याचे प्रकार, अग्रलेखाचे स्वरूप शिकविले जाते. 'काय, कोण, कोठे, केव्हा, का, कसे' या सहा प्रश्नांना 'कशावरून?' हा सातवा प्रश्न जोडण्याची वेळ आली आहे. एकाच घटनेची मराठी, उर्दू, हिंदी आणि कन्नड बातमी वर्गात समोरासमोर ठेवून क्रियापदे व विशेषणे तपासण्याचा सराव बेळगाव, हैदराबाद, इंदूर यांसारख्या बहुभाषिक केंद्रांत सहज घेता येईल. एकभाषिक महाविद्यालयाला ही संधी नाही. दोन लिप्या वाचू शकणारा विद्यार्थी दोन्ही बाजूंची अतिशयोक्ती पकडू शकतो. ही क्षमता आपल्या विद्यार्थ्यांजवळ आहे, तिचा उपयोग करून घेतला जात नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ऑनलाईन माध्यमांनी नवी नीतिमूल्ये निर्माण केलेली नाहीत. जुनी मूल्ये पाळण्यासाठी आवश्यक असलेला वेळ आणि उत्तरदायित्वाची साखळी मात्र त्यांनी कमी केली आहे.

२. २०२० च्या वार्तांकनातील प्रमुख दोष साधनांच्या अभावाचा नव्हता. पूर्वग्रहाला अनुकूल असलेली माहिती न तपासण्याचा होता.

३. चुकीची दुरुस्ती मूळ बातमीइतकीच ठळक आणि मूळ बातमीशी कायमची जोडलेली असावी. आरोपींच्या निर्दोष सुटकेच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे.

४. शब्दनिवड ही शैलीची बाब नसून नीतीची बाब आहे आणि ती शिकविणे हे भाषेच्या अध्यापकांचे कर्तव्य होय.

५. अन्यायग्रस्त समाजानेही आपल्या बाजूच्या मजकुराला तीच कसोटी लावली पाहिजे. सरकारी नियंत्रणापेक्षा जागरूक वाचक आणि जबाबदारी घेणारा संपादक हाच अधिक टिकाऊ उपाय आहे.

समारोप

हसरत मोहानींनी लेखकाचे नाव लपविले आणि शिक्षा स्वतः भोगली. आज बटन दाबून मजकूर पुढे पाठविणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती संपादकाचे अधिकार आले आहेत, संपादकाची जबाबदारी मात्र आलेली नाही. अधिकार यंत्राने दिला, जबाबदारी शिक्षणानेच द्यावी लागेल. वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या पत्रकार होईलच असे नाही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्या मोबाईलवर एखादे चित्रण येणार आहे हे निश्चित. ते पुढे पाठविण्यापूर्वी त्याने क्षणभर थांबून 'कशावरून?' असे विचारले, तर तेवढ्यापुरती का होईना, पत्रकारितेची मूल्ये जिवंत राहिली असे म्हणता येईल.